गौण खनिज

पदवीला मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या, जोडीला दुसरा विषय घ्यावा लागतो, त्या मायनरला मराठीत काय म्हणावं यावर अजून एकमत झालेलं नाही. कुणी 'दुय्यम विषय' म्हणतं, कुणी 'उपविषय', बहुतेक जण सरळ मायनर म्हणून मोकळे होतात. सरकारी वळणाचा शब्द 'गौण'. तो कानावर पडला की गोव्यातल्या माणसाला आधी गौण खनिज आठवतं. लोहखनिज मुख्य, चिरे आणि रेती गौण. बार्जी भरभरून बाहेर गेलं ते मुख्य, आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत ज्याच्या भिंतींत आपण राहतो तो चिरा कायद्याच्या भाषेत गौण. पदवीतलं मायनर साधारण याच जातीचं. कागदावर खालचं, पण घर बांधायला काढलं की त्याच्यावाचून अडतं.

बारावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा होते ती मेजरची. काका-मामांना फोन होतात, शेजारच्या शिक्षिकेला विचारलं जातं. मायनरचा रकाना मात्र प्रवेशाच्या दिवशी, खिडकीपाशी उभ्या उभ्या भरतात. मैत्रिणीने घेतलं ते, यादीत पहिलं होतं ते, नाहीतर 'सोपं असतं म्हणे' ते. तीन वर्षांनंतरचे निम्मे घोटाळे या पाच मिनिटांत पेरलेले असतात.

आधी हिशेब. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला आणि गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत तो २०२३-२४ च्या पहिल्या वर्षापासून आला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट; क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. त्यांतले ६० मेजरचे, २४ मायनरचे. उरलेल्या ३६ मध्ये बहुविद्याशाखीय, म्हणजे एमसीचे ९, भाषेचे, म्हणजे एईसीचे ८, कौशल्याचे, म्हणजे एसईसीचे ९, मूल्यवर्धित, म्हणजे व्हीएसीचे ६ ते ८ आणि इंटर्नशिपचे २ ते ४. व्हीएसी ८ घेतलं तर इंटर्नशिप २, व्हीएसी ६ तर इंटर्नशिप ४, बेरीज तीच. सत्राला २०, वर्षाला ४०.

यापूर्वी गोव्यात ही निवड तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर यायची: एका विषयाची सहा युनिटं, नाहीतर दोन विषयांची तीन-तीन. 'सिक्स युनिट मराठी' एवढं सांगितलं की समोरच्याला सगळं कळायचं. तोवर दोन वर्षं कॉलेजात गेलेली असत, कोणता विषय झेपतो आणि कोणता मास्तर जमतो याचा अंदाज आलेला असे. आता सहा युनिटांचा तो प्रश्न अठराव्या वर्षी, पहिल्याच दिवशी समोर येतो, आणि मेजरच्या जोडीला मायनर असतं. बदल चुकीचा आहे असं नाही. पण विचार करायला मिळणारा वेळ दोन वर्षांवरून दोन दिवसांवर आला, हे प्रवेशपुस्तिका सांगत नाही.

आता त्या २४ च्या आत डोकावू. सहा कोर्स, प्रत्येकी चार क्रेडिट. वाटतं की सहाही एकाच विषयाचे. तसं नाही. आराखड्याप्रमाणे मायनरच्या क्रेडिटांपैकी निम्मे त्या विषयातले असावे लागतात, उरलेले दुसऱ्या विषयांतले चालतात, आणि किमान १२ क्रेडिट व्यवसायशिक्षणाचे याच डब्यात बसवले आहेत. कॉलेजात त्यालाच व्हीईटी म्हणतात. म्हणजे विषयाचे म्हणून हाताशी राहतात ते १२ क्रेडिट, तीन कोर्स. प्रमाणपत्रावर 'भौतिकशास्त्र, मायनर संख्याशास्त्र' असं यायला संख्याशास्त्रातले किमान १२ क्रेडिट लागतात. हातात नेमके तीनच, आणि लागतातही तीनच. एकही जादा नाही.

इथेच पाय घसरतो. पहिल्या सत्रात मानसशास्त्र घेतलं, कारण मैत्रीण होती. दुसऱ्या सत्रात ती बॅच सकाळची झाली म्हणून भूगोल. तिसऱ्यात मराठी, कारण शिकवणाऱ्या बाई चांगल्या. चार, चार, चार. बारा क्रेडिट जमले, नापास कुठेच नाही, पण मायनर एकही नाही. ही चूक तपासताना पकडली जात नाही, कारण प्रत्येक सत्राचा कागद एकेकटा बघितला तर बरोबरच असतो. कळतं ते सहाव्या सत्रानंतर, तेव्हा परतायची वाट उरलेली नसते. आराखडा म्हणतो की वेगवेगळे कोर्स चाखून दुसऱ्या सत्राच्या शेवटी मायनर ठरवावं. ऐकायला छान. पण चाखण्यात पहिली दोन सत्रं दोन विषयांना दिली तर त्यांतला एक कोर्स वाया जाणारच, आणि पुढे त्याची भरपाई करावी लागणार. म्हणून चाखायचं असेल तर एमसीच्या ९ क्रेडिटांत चाखावं, त्यासाठीच ते ठेवलेत. मायनरचे पहिले दोन कोर्स एकाच विषयाचे घ्यावेत.

एमसीलाही एक आडकाठी आहे, आणि तिच्यामुळे दरवर्षी अर्ज परत येतात. बारावीत जो विषय झाला तो एमसीमध्ये पुन्हा घेता येत नाही. अकरावी-बारावीला अर्थशास्त्र केलेल्या मुलाने एमसीला अर्थशास्त्र टाकलं की ते कापलं जातं, आणि मग ज्या बॅचमध्ये जागा उरली असेल तिथे नाव जातं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. क्रेडिट म्हणजे पैसे, कुठूनही आले तरी खिशात एकच, असं धरून चालतात. प्रत्यक्षात हे वेगवेगळे डबे आहेत आणि एका डब्यातलं दुसऱ्यात ओतता येत नाही. एईसीत मराठीचे दोन कोर्स म्हणजे ४, एमसीत मराठी नाटकाचा एक कोर्स ३, एसईसीत मुद्रितशोधनाचा ३. दहा क्रेडिट मराठीचे! मायनरच्या हिशेबात मात्र शून्य. गोव्यात हे जरा जास्त होतं, कारण मराठी किंवा कोकणी ही भाषा म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या ताटात येते आणि 'मराठी तर आपण करतोच आहोत' अशी समजूत होते. करताय खरं, पण भाषा म्हणून, विषय म्हणून नाही. भाषेच्या कोर्समध्ये अर्ज कसा लिहायचा, बातमी कशी करायची हे असतं. मायनरमध्ये संतकाव्य, समीक्षा, कथनाची घडण येते. दोन्हींत एकच भाषा आहे, एवढंच साम्य.

कोर्स निवडताना वेबसाइटवरचं नाव वाचून थांबू नका, अभ्यासक्रमाचं पान उघडा. गोवा विद्यापीठाच्या पानाचा साचा ठरलेला आहे. वर नाव, कोड, क्रेडिट. त्याखाली पूर्वअट, मग उद्दिष्टं, मग घटक आणि प्रत्येकासमोर तास, त्यापुढे पुस्तकं. सगळ्यात आधी पूर्वअटीची ओळ. तिथे 'काही नाही' लिहिलं असेल तर बरं. एखाद्या आधीच्या कोर्सचं नाव असेल तर तो झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि तो कोणत्या सत्रात चालतो हे आत्ताच बघायला हवं. मग कोडमधला आकडा. १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मधल्या पातळीचे, ३०० ते ३९९ वरचे. मायनरचं म्हणून सगळं शंभराच्या घरातच असेल असं समजू नये. तिसरी गोष्ट तासांची. एका क्रेडिटला पंधरा आठवड्यांच्या सत्रात १५ तास व्याख्यान, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणून इतिहासाचा चार क्रेडिटचा कोर्स ६० तासांत संपतो, आणि तीन अधिक एक अशी विभागणी असलेला रसायनशास्त्राचा चार क्रेडिटचाच कोर्स ४५ अधिक ३० असे ७५ तास घेतो. क्रेडिट सारखे, पण दर आठवड्याला एक तास जास्त.

तो एक तास कुठे पडतो, हे गोव्यात बसच्या वेळापत्रकाने ठरतं. वेळापत्रकाचा कागद समोर घ्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी मेजर, मधे भाषा. मंगळवारी दुपारी दोन ते चार असा एक लांब चौकोन, 'मायनर प्रॅ., बॅच ब'. पणजी-म्हापशात राहणाऱ्याला त्याचं काही नाही. वाळपईच्या पलीकडच्या किंवा सांग्याच्या आतल्या वाड्यावरच्या मुलीला चारनंतर निघून कदंबाची सरकारी बस गाठायची, ती चुकली की पुढची जोडबस मिळत नाही. मग महिनाभराने प्रात्यक्षिकं बुडू लागतात, जर्नल अपुरं राहतं आणि त्या एका क्रेडिटपायी विषय अडतो. विषयाची आवड हा एक निकष झाला. बॅच कधी भरते हा दुसरा, आणि तो विचारायला कुणी लाजू नये. मायनरच्या बॅचेस सगळ्या विभागांना मिळून एकाच वेळी ठेवतात म्हणजे कुणाची कुणाशी टक्कर होत नाही. ते जमतं व्याख्यानांपुरतं. प्रयोगशाळेत टेबलं मोजकी असतात, तिथे बॅचेस पाडाव्याच लागतात.

जोडी कशी लावावी, याला नियम नाही, पण काही जोड्या इथल्या मातीत बसतात. इतिहास मेजर असेल तर पोर्तुगीज शिकायची संधी सोडू नये. पणजीच्या पुराभिलेखागारात कोमुनिदादींपासून, म्हणजे जुन्या गावकरी संस्थांच्या दफ्तरांपासून, सगळा पसारा पोर्तुगीजमध्ये आहे, आणि मोडीतली मराठी दफ्तरंही आहेत. यांतलं एकही वाचता येत नसेल तर गोव्याचा इतिहास दुसऱ्याने वाचून सांगितलेलाच शिकावा लागतो. भूशास्त्राला भूगोल, त्यातही नकाशाचं सॉफ्टवेअर शिकवणारा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या तेव्हा भूशास्त्र म्हणजे खाण हे समीकरण किती लंगडं आहे ते सगळ्यांना दिसलं. भूजल, किनाऱ्याची धूप, डोंगरउतार यांची कामं होतीच, त्यांना नकाशे करणारी माणसं लागतात. मेजरच्या अगदी शेजारचा विषय मायनरला घेण्याची पद्धत पडली आहे, उदाहरणार्थ वनस्पतिशास्त्राला प्राणिशास्त्र. वाईट नाही, अभ्यास थोडा हलका होतो. पण बारावीत जे पाच विषय होते तेच पुन्हा वाटून घेण्यासारखं होतं, असं आमचं मत.

मायनरमध्ये कसंबसं पास झालं तरी चालतं, मेजरचे मार्क महत्त्वाचे, हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर रोज ऐकू येतं. गणित करून बघू. आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. सत्राचा एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची सरासरी श्रेणी, काढायचा तर प्रत्येक कोर्सचे क्रेडिट गुणिले श्रेणी, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. पहिलं सत्र धरा. मेजर ४ क्रेडिट, ए, म्हणजे ३२. मायनर ४, बी प्लस, २८. एमसी ३, ए प्लस, २७. भाषा २, बी, १२. कौशल्य ३, ओ, ३०. व्हीएसी ४, ए, ३२. बेरीज १६१, भागिले २०, एसजीपीए ८.०५. आता मायनर जेमतेम, पी: २८ च्या जागी १६. बेरीज १४९, एसजीपीए ७.४५. आणि मायनर गेलंच तर १३३ भागिले २०, म्हणजे ६.६५. पहिल्या सत्रात मायनरचं वजन मेजरइतकंच असतं, चारास चार. मेजरचा ए घसरून पी झाला तर १६ गुण जातील, आणि मायनरचा ए घसरून पी झाला तरी तेच १६. नावात गौण असलं तरी तराजूला ते माहीत नसतं.

सगळे कोर्स ए मिळाले तर हाच आकडा ८ येतो. म्हणजे ८.०५ पर्यंत नेलं ते कौशल्याच्या आणि एमसीच्या कोर्सनी, ज्यांच्याकडे सगळे 'टाइमपास' म्हणून बघतात.

या दशांशांना पुढे किंमत येते. चौथं वर्ष करायचं ठरवलं तर ऑनर्स सगळ्यांना खुलं आहे, एकूण १६० क्रेडिट. पण 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, मग १२ क्रेडिटचा शोधप्रबंध करता येतो. तो न करणारे त्याऐवजी १२ क्रेडिटचे कोर्स करतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पार केली की पीएचडीला थेट अर्ज करता येतो. ७.४५ आणि ७.५ यांच्यामधली फट किती अरुंद आहे ते वरच्या उदाहरणात दिसलंच.

मेजर चुकलं असं पहिल्या वर्षात लक्षात आलं तर? दुसऱ्या सत्रानंतर त्याच व्यापक शाखेत मेजर बदलता येतं. आयोगाने त्यासाठी रिकाम्या जागांखेरीज मंजूर जागांच्या वर १० टक्के जादा जागा ठेवायची मुभा कॉलेजांना दिली आहे. अर्ज जास्त आले तर प्राधान्य कुणाला? ज्याचा पहिल्या वर्षाचा सीजीपीए, म्हणजे सत्रांची एकत्रित सरासरी, सर्वांत जास्त आणि ज्याचा एकही विषय राहिलेला नाही त्याला. यात एक उपरोध आहे. मेजर न जमल्यामुळे जो बदलू पाहतो, त्याचे मार्क त्याच मेजरने पाडलेले असतात. म्हणून न आवडणारं मेजरही पहिलं वर्षभर नेटाने करावं, सुटकेचा तोच एक मार्ग आहे. बदल मिळाला तरी नव्या मेजरचे ६० भरायचे असतातच. मायनरला जो विषय होता तोच मेजर करायचा असेल तर पायाभूत कोर्स झालेला असतो, आणि जुनं मेजर मायनरच्या जागी बसवून घेता येतं का हे विचारता येतं. आधी विचार करून निवडलेलं मायनर असं विम्यासारखं कामी येतं.

दुहेरी मेजरचं आकर्षण हल्ली वाढलंय. दोन पदव्या मिळाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या मेजरसाठी एकूण क्रेडिटांच्या ४० टक्के त्या विषयात लागतात, म्हणजे १२० पैकी ४८. साठ अधिक अठ्ठेचाळीस झाले १०८. उरले १२, आणि मायनर सोडून बाकीच्या डब्यांना लागतात ३६. म्हणजे मायनरचे सगळे २४ जरी त्या विषयात ओतले तरी आणखी २४ बाहेरून आणायचे, चार-चारचे सहा कोर्स. सत्रागणिक एक जादा. ज्याला झेपेल त्याने जरूर करावं. न झेपल्यास मधेच सोडलं तर हातात निदान मायनर राहील अशा क्रमाने कोर्स घ्यावेत, एवढंच.

मधेच बाहेर पडण्याबद्दल थोडक्यात: पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला तर सर्टिफिकेट, दुसऱ्या वर्षाचे मिळून ८० आणि तसेच ४ केले तर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची.

पदव्युत्तर प्रवेशासाठी आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात मेजरइतकंच मायनरलाही दार उघडलं आहे. पदवीत मेजर किंवा मायनर म्हणून जो विषय झाला त्यात एमए, एमएस्सीला पात्र धरता येतं. कोणताच नसेल तर त्या विषयाची प्रवेश परीक्षा द्यायची. इथे पुन्हा ते तीन विखुरलेले कोर्स आठवावेत.

कॉलेजात नसलेला विषय हवा असेल तर ऑनलाइन कोर्सचं सरकारी स्वयम पोर्टल आहे. एका सत्रातल्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत तिथून करता येतात, मात्र कॉलेजची मंजुरी आधी घ्यायची. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यांची क्रेडिटं लटकतात, कारण तो कोर्स कोणत्या डब्यातला हेच ठरलेलं नसतं. स्वयमवरच्या एनपीटीइएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट असते, बारापैकी उत्तम आठ धरतात आणि त्यांचं वजन २५ टक्के. उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. जुलैच्या सत्राच्या तारखा देशभराच्या असतात, त्यांना चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, कळत नाही. गणपतीवरची माटोळी बांधायला गावच्या घरी गेलेल्याच्या मोबाइलला रेंज नसते आणि मुदत रात्री संपते. बारातले चार सोडता येतात, तेव्हा चवथीचे दोन आठवडे खुशाल बुडवावेत, फक्त जुलैतले पहिले दोन आळसात घालवलेले नसावेत.

शेवटचं काम क्रेडिट बँकेचं. सगळे क्रेडिट एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात जमा होतात. खातं डिजिलॉकरमधून उघडतं, बारा आकडी क्रमांक मिळतो. खातं आधारवरचं नाव घेतं, कॉलेज बारावीच्या दाखल्यावरचं. गोव्यात या दोन नावांत फरक असणं हा अपवाद म्हणता येणार नाही. गावकरातला 'क' एका कागदावर रोमन 'के'ने, दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाच्या 'सी'ने, नाईकाच्या शेवटी कधी एकच अक्षर, कधी तीन. नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यात उतरत नाहीत, आणि हे बहुधा कळतं ते दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना. दुरुस्ती आधारमध्ये करायची की दाखल्यात, हे आधी ठरवावं. बारावीपर्यंतचे सगळे कागद एकसारखे असतील तर आधार बदलणं सोपं. कागदच आपसांत जुळत नसतील तर आधी जन्मदाखला बघायचा, मग बाकीचे. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत हे उरकलेलं असावं, आणि प्रत्येक निकालानंतर खातं उघडून वीस क्रेडिट उतरले का ते मोजावं. अठराच दिसले तर दोन कुठल्या डब्यातले गायब आहेत ते त्याच आठवड्यात ऑफिसच्या खिडकीवर विचारावं, कारण तेव्हा तो कागद अजून वरच्या फायलीत असतो.